एका कैद्याचे दोन धंदे

"फौजदारसाहेब, लवकर या! बारा वाजता पोरीचं नाव कमी करताहेत!" शिपाईकाकांचा फोन आला.

निवृत्त फौजदार आता विद्यापीठाची सुरक्षा बघत. तुरुंगाच्या दवाखान्यातून ते तडक मानसशास्त्र विभागात आले, आणि डोकं भणभणत होतं. आधी शिक्षा ठरवायची, मग चौकशी करायची; शिकलेल्यांची ही तऱ्हा!

पोरगी मानसशास्त्र आणि गुन्हेशास्त्र असे दोन्ही विषय एकत्र शिकत होती. गुप्ततेचा शब्द देऊन तिनं एका कैद्याला बोलतं केलं होतं. काल पेपरात छापून आलं: 'सुतार कैद्यानं साथीदारांचं बिंग फोडलं.' तुरुंगातल्या साथीदारांनी हकिगत ओळखली आणि संध्याकाळपर्यंत त्याचा हात मोडला.

"विश्वासघातकी आहे ही!" मानसशास्त्राच्या बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "माझ्या विभागाची अब्रू गेली!"

पोरीचे डोळे लाल झाले होते. "मी कुणाला काही दिलं नाही."

"लिहिलं कुठे होतंस?" फौजदारांनी विचारलं.

"हातानं. कॉम्प्युटरवर ठेवलं नाही. एक प्रत बाईंना, एक सरांना. मूळ टिपणं फाडली. ओळख पटेल ते बदलायचं, हे बाईंनीच शिकवलं."

"सर, तुमची प्रत?"

गुन्हेशास्त्राचे सर आधीच बॅगेत हात घालत होते. "ही घ्या. यात तो न्हावी आहे. पेपरात सुतार वाचलं, वाटलं छापणाऱ्यांची नेहमीची चूक."

"बाई, तुमची?"

"कपाटात. कुलूप आहे, किल्ली माझ्याकडेच असते." त्या तोऱ्यात म्हणाल्या.

"आणा."

प्रत आली. फौजदारांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाज चढला. "सुतार! सकाळी तो कैदी मला म्हणाला, 'मी गवंडी. करवत हातात धरली नाही कधी.' ओळख लपवायला पोरीनं दोन प्रतींत दोन वेगळे धंदे लिहिले; तुमच्यावर बोट दाखवायला मात्र ती धजली नाही. सुतार फक्त या एका प्रतीत आहे, आणि तिची किल्ली तुमच्याकडे! तुम्हाला वाटलं, दोन्हीकडे सुतारच असेल, आळ पोरीवर ढकलता येईल."

बाईंचा चेहरा उतरला. "पुढच्या आठवड्यात माझं कैद्यांवरचं पुस्तक येतंय... जरा चर्चा व्हावी म्हणून..."

"चर्चेसाठी माणसाचा हात मोडला? लाज वाटत नाही?" फौजदार ओरडले. सरांनी नाव कमी करण्याचा कागद टराटरा फाडला.

पोरगी मात्र हसली नाही. "बाई, माझं नाव राहिलं. चला आता दवाखान्यात."

"कशाला?"

"त्यानं विचारलं होतं, 'ताई, हे कुणाला कळणार नाही ना?' मी म्हटलं, 'माझ्या बाई फार कडक आहेत, काळजी नको.' कुणी फोडलं, ते आता तुम्हीच त्याला सांगा."