आरशाची कापलेली पट्टी

खोटं वाटत असेल तर कोपरखैरण्यात जाऊन विचारा. बोनकोडे गावाच्या अंगाला, एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर सुयशचा फोटो स्टुडिओ होता. साल शहाण्णव. भुतं रात्रीची निघतात म्हणतात. हे निघालं भर दुपारी, स्टुडिओच्या दिव्यांच्या झगझगाटात.

सुयश माझा चुलतभाऊ, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. हात हुशार, जीभ तिखट, आणि काळीज... ते तुम्हीच ठरवा. डार्करूमचं काम त्याची बायको, अस्मितावहिनी करायची. शेवटचं सोडलं तर हे सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं.

फोर्टातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून सुयशने जुना कॅमेरा आणला. चांगली पत्र्याच्या ट्रंकेएवढी पेटी. वर चामड्याचं धुराडं. त्यात तोंड घालून खाली बघितलं, की आतल्या तिरक्या आरशातून समोरचं माणूस काचेवर दिसायचं. बटण दाबलं की आरसा धप्पकन वर उडायचा आणि फोटो निघायचा. निगेटिव्ह पोस्टकार्डाएवढी!

त्याला पोर्ट्रेटसाठी भारी लेन्स हवी होती. भंगारात एक तोफेसारखी लेन्स मिळाली, पण तिचं बूड पेटीत इतकं आत जायचं की उडणारा आरसा त्यावर आपटायचा.

"मग आता?" अस्मिताने विचारलं.

"आता काय, आरसा कापायचा."

काच कापायची हिरकणी फिरवली आणि आरशाची दोन बोटांची पट्टी उडवली. तेव्हापासून धुराड्यातून बघताना चित्राची वरची कड काळी दिसायला लागली. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरचा भाग. निगेटिव्हवर मात्र सगळं यायचं.

"डोक्यावर असतं काय? मागचा पडदा," सुयश म्हणाला. "तो काय बघायचाय?"

पहिलं गिऱ्हाईक धर्मराजशेठ. बोनकोड्याचे. खाचरं गेली, इमारती आल्या, गळ्यात चेन आली. सुयशचा गाळाही त्यांचाच.

"ए फोटोवाल्या, मना जरा गोरा काड. आन चेन दिसली पायजे!"

"शेठ, तुम्ही नाही दिसलात तरी चेन दिसेल."

धप्प!

आणि मागोमाग... कर्र... कर्र...

लाकडाला ताण बसावा तसा आवाज. गाळ्यात लाकूड कुठलं? वर सगळा सिमेंटचा स्लॅब.

अस्मिताने निगेटिव्ह धुऊन उजेडासमोर धरली. शेठ छान. चेन तर फारच छान. पण वरच्या कडेला...

पायाची बोटं.

खाली लोंबणारी. बाईची.

"पडद्याला सुरकुती पडली असेल," सुयश म्हणाला. प्रिंट काढताना त्याने तेवढा भाग वगळला. शेठ खूश.

पुढच्या गिऱ्हाइकाच्या फोटोत घोटे आले. त्याच्या पुढच्याच्या, पोटऱ्या. दर फोटोला ते पाय थोडे खाली उतरत होते. बोटं ताणलेली... टेकायला काहीतरी शोधत असल्यासारखी.

समोर बघावं तर काही नाही. फक्त फोटो निघाला की... कर्र.

"अहो, विकून टाका हा कॅमेरा," अस्मिता रामरक्षा म्हणता म्हणता थांबून म्हणाली.

"लोक ह्याच्यासाठी वाशीहून येतात. विकून काय तुझी रामरक्षा खाऊ?"

तेवढ्यात धर्मराजशेठच्या घरचं मोठं काम आलं. मुलीचं लग्न, घरातल्या एकेकाचा फोटो. सुयशने जुन्या निगेटिव्ह शेजारी शेजारी लावल्या. पुढच्या फोटोला पाय टेकणार, हे त्याला कळलं. कुणावर टेकले तर काय होतं, ते कळत नव्हतं.

शेठच्या माणसावर कशाला? आधी घरच्या माणसावर बघू.

घरचं माणूस म्हणजे क्षिप्रा. अस्मिताची धाकटी बहीण, त्यांच्याकडेच राहायची. हसरी, ताठ मानेची. ठाण्याच्या एका स्थळाने तिचा फोटो मागवला होता. अस्मिता भाजीला गेल्याचं बघून सुयशने तिला खुर्चीत बसवलं.

"भावोजी, फुकट काढताय? तब्येत बरी आहे ना?"

"हलू नकोस."

धप्प!

त्यानंतर...

काहीच नाही. करकर थांबली होती.

अस्मिता आली, तिने निगेटिव्ह धुतली. क्षिप्रा हसत होती. तिच्या दोन्ही खांद्यांवर दोन पाय टेकले होते. पुरते तळवे. बोटं आता ताणलेली नव्हती. सैल, निवांत.

बाहेरून क्षिप्राची हाक आली, "ताई, जरा मान दाबून दे ना गं. एकदम जड झालीय."

नुसत्या चेहऱ्याचा फोटो ठाण्याला गेला. पसंत पडला. मंडळी बघायला आली तेव्हा क्षिप्रा चहाचा ट्रे घेऊन आली ती कंबरेत वाकून. "फोटोत असं काही दिसलं नाही हो," मुलाची आई म्हणाली आणि चहा न घेताच उठली. एक्सरे काढले. हाडं ठणठणीत.

शेठच्या घरचे फोटो मात्र स्वच्छ आले. पुढचेही सगळे. सुयशच्या स्टुडिओला नवा बोर्ड लागला.

अस्मिताने त्याचे पाय धरले. "तिला एकदा परत कॅमेऱ्यासमोर बसवा. जे बसलंय ते उतरेल तरी!"

सुयश लेन्स पुसत होता. "उतरून जाईल कुठे? माझ्या गिऱ्हाइकावर? राहू दे तिथेच."

कॅमेऱ्याच्या कपाटाला त्याने कुलूप घातलं, किल्ली कमरेला. वहिनी रडली. मग डोळे पुसून डार्करूममध्ये गेली. शेठच्या प्रिंट द्यायच्या राहिल्या होत्या.

मी त्यांच्या घरी, स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर, गेले ती पुढच्या मे महिन्यात. क्षिप्रा आतल्या खोलीतून आली. आधीच वाकलेली, तरी दारात गुडघे मोडून आणखी खाली झाली. डोक्यावर उंच काहीतरी घेऊन बाया दारातून जातात, तशी.

माझ्याजवळ बसली. उकडत होतं, म्हणून मी उठून पंखा लावला.

"बंद करा! अहो, बंद करा!" ती किंचाळली. "तिला लागतोय!"

मी घाबरून बटण बंद केलं. पंखा फिरत फिरत, हळूहळू थांबायला हवा होता ना?

तो जागच्या जागी थांबला.

क्षिप्राने वर बघितलंही नाही. "धरला तिने," एवढंच म्हणाली.

वहिनी चहा टाकायला उठली होती. मी चपला हातात घेतल्या आणि जिना उतरले. कोण आहे ती, हे मी विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.