भिंतीकडचं चाक

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली. बरीचशी मी तिच्या तोंडून ऐकली आहे, आणि शेवटचा भाग मी स्वतः पाहिला आहे.

रात्र नव्हती, वादळ नव्हतं. हिवाळ्यातली स्वच्छ दुपार होती आणि शेडच्या छपरातून भरपूर उजेड येत होता.

मावशी म्हणते, "अंधार असता तर बरं झालं असतं गं. मीच म्हटलं असतं, भास झाला."

मावशी गावाबाहेरच्या एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करायची. लोक तिथे थंडीपुरत्या आपल्या कॅरव्हॅन ठेवून जात. कॅरव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं दोन चाकांवरचं घर. आत झोपायची जागा, एवढासा ओटा, एक टेबल, दोन बाक. उन्हाळाभर हौसेने फिरायचं आणि थंडी पडली की शेडमध्ये आणून उभं करायचं.

पण टायर उभ्या उभ्याच खराब होतो. सगळं वजन महिनोन् महिने एकाच जागी पडलं की तिथे तो चपटा होतो, आतले धागे दुखावतात. वरून काही दिसत नाही. म्हणून दर महिन्याला प्रत्येक चाक जॅकवर उचलायचं, पाव फेरा फिरवायचं, हवा बघायची आणि खाली ठेवायचं. खिडकीतून ऊन येई त्या बाजूच्या टायरांवर कापड टाकायचं. हे सगळं मावशीचं काम.

टायरवर खडूची एक रेघ असे. चाक फिरलं की रेघही फिरायची. या महिन्यात वर, पुढच्या महिन्यात पुढे, मग खाली, मग मागे. मालक फेरी मारताना फक्त रेघा बघायचे. सगळ्या एकाच दिशेला दिसल्या की त्यांचं समाधान.

मागच्या रांगेतली एक कॅरव्हॅन भिंतीला इतकी चिकटून उभी होती की भिंतीकडच्या चाकापाशी आडवं होऊन सरपटत जावं लागे. त्या वर्षी मावशीचा खांदा धरला होता. जॅकचा दांडा दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. थंडीच्या पहिल्याच महिन्यात तिने ते चाक सोडलं. ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि जिथे असायला हवी होती तिथे नवी मारली.

पुढच्या महिन्यात खांदा बरा होता.

तरीही तिने रेघच पुसली. त्याच्या पुढच्या महिन्यांतही.

ती कॅरव्हॅन घड्याळवाल्या काकांची. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. काका फार बोलायचे नाहीत. त्यांच्या वाटचं काकू बोलायच्या.

"काय गं, माझ्या घराचे पाय चेपलेस ना?" थंडी संपल्यावर गाडी न्यायला आल्या तेव्हा काकूंनी दारातूनच विचारलं. "चार महिने एका जागी उभं राहून बघ, मग कळेल!"

"चेपले हो काकू."

"दोन्ही?"

"दोन्ही."

काकूंनी तिचा खांदा थोपटला. नेमका तोच.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि हे! यंदा टायर बदला म्हणून कानीकपाळी ओरडतेय, पण ऐकतील तर शपथ."

"टायरवरची नक्षी नव्यासारखी आहे अजून," काका म्हणाले. "बोट घालून बघ."

"तुमचे दातही नव्यासारखेच आहेत. रात्री वाटीत काढून ठेवता ते!"

मालक खो खो हसले. मावशीही हसली. काका मात्र हसले नाहीत.

त्या उन्हाळ्यात एका लांब उतारावर टायर फुटला. भिंतीकडच्या बाजूचा. कॅरव्हॅन आडवी झाली आणि तिने पुढची गाडीही ओढली.

काका वाचले.

काकू गेल्या.

मोडकी कॅरव्हॅन कुठे ठेवायची हा प्रश्न होता. मालकांनी शेडमध्ये जागा दिली. मागच्या रांगेच्या टोकाला, दाराजवळ. चाकं काढून ती जाड लाकडी ठोकळ्यांवर बसवली. काका तेव्हा तिथे आले होते, हाताला प्लास्टर होतं. चाकं काढायला बोलावलेल्या टायरवाल्याने फाटलेला टायर उचलून कडेचे आकडे दाखवले.

"हे बघा. कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला, ते इथे असतं. याचं वय कधीच उलटून गेलंय. कॅरव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत हो, बसून बसून जातात. नक्षीवर काय जायचं? या बारीक चिरा बघायच्या."

"म्हणजे माझ्यामुळे," काका म्हणाले.

 टायरवाला उगाच टायरवरून अंगठा फिरवत राहिला. मग अंगठा थांबला.

"इथे चपटा लागतोय जरा... उभा असताना फिरवला नव्हता का?"

"छे!" मालक म्हणाले. "आमच्याकडे ही आहे ना. दर महिन्याला फिरवते. रेघा मी स्वतः बघतो."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं.

तिच्या हातात चहाचा ट्रे होता.

तिने मान हलवली. हो म्हणून.

टायर वयाने फुटला की एका जागी चेपल्याने, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. कदाचित दोन्हींनी. मावशीने स्वतःला हे शंभर वेळा समजावलं. पण काका फाटकातून बाहेर पडताना तिने त्यांची पाठ पाहिली होती. सगळंच्या सगळं ते एकटे घेऊन चालले होते.

पुढचा हिवाळा आला.

आता मावशी एकही चाक सोडत नव्हती. भिंतीकडची तर दोनदा तपासायची. एका दुपारी ती पुढच्या रांगेत काम करत होती. मालक ऑफिसात होते. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

आणि मागच्या भिंतीकडून आवाज आला...

कट्.

...कट्.

...कट्.

जॅकचा दांडा दाबल्याचा आवाज. तो ती झोपेतही ओळखेल.

शेडमध्ये जॅक एकच होता.

तो तिच्या हातात होता.

"मालक, मागे कोणाला कामाला लावलंय का?" तिने ऑफिसच्या दारात जाऊन विचारलं.

"उंदरांना. तुझ्यापेक्षा कमी कटकट करतात."

ती परत गेली. आवाज थांबला होता. मागची रांग शांत उभी होती. काकांच्या जुन्या जागी आता दुसऱ्याच कोणाची तरी कॅरव्हॅन होती. मावशी आडवी झाली आणि भिंतीच्या फटीत सरपटत शिरली. श्वासाची वाफ दिसावी इतकी थंडी होती. चाकावरची रेघ पाव फेरा पुढे होती.

या महिन्यात तिने ते अजून फिरवलंच नव्हतं.

तिने टायरवर हात ठेवला...

टायर गरम होता.

कोमट नाही. गरम. रस्त्यावर तासन् तास धावून आल्यासारखा. जळक्या रबराचा वास येत होता. ती कशीबशी बाहेर आली आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला हात लावला. तो टायर बर्फासारखा होता.

काही दिवसांनी त्याच्या शेजारच्या कॅरव्हॅनचा टायर. मग त्याच्याही शेजारचा. नेहमी भिंतीकडचाच. एकेक करत ते दाराच्या दिशेने सरकत होतं. आणि रांगेच्या टोकाला, दाराजवळ, ठोकळ्यांवर काकांची कॅरव्हॅन होती.

तिला चाकंच नव्हती.

रांगेतला शेवटचा टायर गरम लागला, त्याच दुपारी काका आले. हातात रिकामं खोकं होतं. वाळले होते फार.

"तिचं सामान न्यायचंय," ते म्हणाले. "येतेस आत? एकट्याने नाही जमायचं मला."

मावशीला नाही म्हणता आलं नाही.

आत काकूंचा स्वेटर खुंटीला तसाच होता. काका बाकावर बसून एक एक कप वर्तमानपत्रात गुंडाळू लागले. मावशी समोरच्या बाकावर बसली.

"तिने सांगितलं होतं गं, टायर बदला," काका म्हणाले. "बदलणारही होतो. पण सगळ्यांसमोर दातांवरून बोलली ना, त्याचा राग आला. म्हटलं, आता नाहीच बदलत जा."

मावशीने पुढचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"रोज माफी मागतो तिची. जिवंतपणी क्षणभर गप्प बसली नाही, आणि आता..."

आणि तेव्हाच...

कॅरव्हॅन झुकली.

दाराच्या बाजूला. अगदी थोडी. पायरीवर पाय देऊन कोणी आत यावं, तशी. ओट्यावरचा चमचा किणकिणला.

दारात कोणी नव्हतं.

चाकांवर असती तर एक वेळ समजलं असतं. ती ठोकळ्यांवर होती. ठोकळे झुकत नाहीत.

काकांनी मान वर केली नाही. ते फक्त बाकावर थोडे आत सरकले. कोणाला तरी जागा करून दिल्यासारखे. आपण सरकलो हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

मावशीच्या तोंडून शब्द आपसूक बाहेर पडले.

"काका, ते चाक मी फिरवलं नव्हतं. भिंतीकडचं. रेघ पुसून नवी मारत होते."

काकांचे हात थांबले.

"किती दिवस?"

"सगळा हिवाळा."

"टायरवाल्याने विचारलं तेव्हा तू तिथेच होतीस."

"हो."

"चहा घेऊन."

"हो, काका."

ते ओरडतील असं तिला वाटलं. ओरडावं, असंही वाटलं. काकांनी हातातला कप गुंडाळून खोक्यात ठेवला, स्वेटर खुंटीवरून काढला, त्याची नीट घडी केली.

"तुला वाटलं असेल, सांगितलं की मला हलकं वाटेल," ते शेवटी म्हणाले. "माझी एकट्याची चूक होती, तोवर मी तिच्याशी रोज बोलायचो. माफी मागायला का होईना, पण बोलायचो. आता काय बोलू? तुझी तक्रार करू तिच्याकडे?"

खोकं उचलून ते उतरले. त्यांच्या गाडीचा आवाज फाटकाबाहेर गेला, मग ऐकू येईनासा झाला.

मावशी तिथेच बसून राहिली. तिला वाटत होतं, आता काकूही जातील, त्यांच्या मागोमाग. खरं सांगून झालं होतं. आणखी काय हवं असणार? वजन उतरलं की कॅरव्हॅन परत वर येईल, म्हणून ती वाट बघत होती.

ती झुकलेलीच राहिली.

काका पुन्हा आले नाहीत. मावशीने नोकरी सोडली नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "मी गेले तर त्या एकट्या पडतील तिथे."

मागच्या महिन्यात मी तिच्याबरोबर शेडमध्ये गेले. मालकांचं म्हणणं, अपघातात सांगाडा वाकला असेल, त्यात काय एवढं. मलाही ते पटलं होतं. मी पाणसळ घेऊन गेले होते, गवंडी सपाटी बघायला वापरतात ती बुडबुड्याची पट्टी. ठोकळ्यांवर ठेवली तेव्हा बुडबुडा मधोमध होता. मग मावशी आणि मी आत चढलो आणि मी ती कॅरव्हॅनच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा एका कडेला गेला. जमीन दाराकडे उतरती होती.

"झालं समाधान?" मावशी म्हणाली. "चल, मी होते पुढे. दार लावून ये."

ती उतरली आणि फाटकाकडे चालू लागली. मी पाणसळ उचलायला वाकले.

बुडबुडा हलत होता...

मी श्वास रोखून बघत राहिले. मावशीची पावलं लांब जात होती, आणि तो सावकाश, अगदी सावकाश सरकत...

मधोमध येऊन थांबला.

वाकलेला सांगाडा असा सरळ होत नाही.

खिडकीतून, शेडच्या उघड्या दारापलीकडे मावशी दिसत होती. अंगणातून एकटीच चालली होती. दिसायला तरी.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. काकू तिथे, शेडमध्येच राहतात, असं ती धरून चालते. म्हणून घरी आली की निदान तिला झोप तरी लागते.

ती झोप मी कशी मोडू?