गिअरवरून हात सुटेना

मला गोष्टी रचता येत नाहीत. मी मिस्त्री आहे. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा, एवढंच मला जमतं. म्हणून हे जसं घडलं तसंच लिहितोय. ज्याला पटेल त्यानं घ्यावं.

तारीख एकवीस मे २०२३. रविवार. दुपारचे साडेतीन. जागा, शहागडचा गोदावरीवरचा पूल.

रात्र नव्हती. सुनसान रस्ता नव्हता. डोक्यावर रखरखीत ऊन होतं आणि शेजारून ट्रक चालले होते.

तरी ते घडलं.

माझं नाव राजानंद. शहागडला हायवेला लागून माझं छोटं गॅरेज आहे. कल्याणभाऊ माझं जुनं गिऱ्हाईक. अंबडकडचे, घरची मोसंबीची बाग, स्वभावानं एकदम गरीब माणूस. त्यांच्याकडे एक जुनी छोटी कार होती. इंजिन ठणठणीत, पण गिअर फार ढिला. दांडा लांब, त्याच्या बुडाशी बसणारे बुश झिजलेले. गिअर टाकायचा म्हणजे वरणात पळी फिरवल्यासारखं वाटायचं.

कल्याणभाऊंनी मोबाइलवर कुठंतरी आखूड गिअर लिव्हर बघितलं होतं. दांडा छोटा, हात दोन बोटं हलला की गिअर पडतो. तसंच बसवून द्या म्हणाले. आणि रविवारपर्यंतच पाहिजे होतं, कारण बायकोला घेऊन गेवराईला सासुरवाडीला जायचं होतं.

नवीन मागवायचं तर पंधरा दिवस लागणार होते. म्हणून मी जालन्याला बद्रीनाथकडं गेलो. त्याचं भंगाराचं दुकान आहे. त्याच्याकडं तसलं एक लिव्हर निघालं. आखूड, जाड, खालच्या बैठकीसकट. कुणीतरी हौसेनं आपल्या गाडीला बसवलेलं असावं.

फक्त ते मधोमध वाकलेलं होतं.

एवढा जाड दांडा हातानं वाकत नसतो. मी विचारलं, हे असं कशानं झालं. बद्रीनाथ म्हणाला, गाडी कटाईला आल्ती, तेव्हापासून असंच आहे.

मी घेऊन आलो.

शनिवारी दुपारी टेबलावरच्या शिकंज्यात धरून ते सरळ करायला घेतलं. पहिला घाव घातला...

आणि मागून कुणीतरी कण्हलं.

मी वळून बघितलं. कुणीच नव्हतं.

दुसरा घाव घातला. परत तोच आवाज. दात आवळून मार सोसणारा माणूस काढतो ना, तसा. तोंड बंद, आवाज नाकातून.

मला वाटलं, कंप्रेसरची हवा गळत असेल. जाऊन बघितलं तर कंप्रेसर बंद होता.

तेवढ्यात माझी बायको बेबीनंदा चहा घेऊन आली. दारातच थबकली. तिनं आधी सगळं गॅरेज नजरेनं चाळलं.

"कुणाला मारून राह्यले?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, कुणाला न्हाई, लोखंड ठोकतोय.  चहाचा कप तिनं आत आणून दिला नाही. उंबऱ्यावर ठेवला आणि गेली.

मी तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. नाही थांबलो. काम हातात घेतलं की मला पुरं केल्याशिवाय चैन पडत नाही. संध्याकाळपर्यंत नवे बुश टाकले, लिव्हर बसवलं. खोटं कशाला बोलू, काम झकास झालं होतं. कट-कट गिअर पडत होते.

एकच गोष्ट खटकत होती. वरची काळी मूठ मी चार वेळा पुसली. चारही वेळा ती परत ओली झाली... घामेजल्या हातासारखी.

रविवारी कल्याणभाऊ आणि त्यांची बायको तृप्तीवहिनी आले. आधी पुलापलीकडं जाऊन परत येऊ, एक ट्रायल होऊ द्या, म्हणून मीही गाडीत बसलो. कल्याणभाऊ स्टेअरिंगवर, मी त्यांच्या डाव्या बाजूला, वहिनी मागं.

पहिला, दुसरा, तिसरा. कल्याणभाऊ खूश होते. लोण्यासारखा गिअर पडतो म्हणाले.

पुलाला लागलो. चौथा टाकला. आणि त्यांचं बोलणं एकदम बंद झालं.

मी बघितलं. त्यांचा डावा हात लिव्हरवर होता. बोटं पांढरी पडली होती.

"राजूभाऊ," ते हळूच म्हणाले, "हात निघून न्हाई राह्यला."

मला वाटलं, मस्करी करतायत.

तेवढ्यात आवाज आला.

ठक्.

लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. आणि कल्याणभाऊंची करंगळी माझ्या डोळ्यांदेखत मागं वळली. उलटी. पार मनगटाकडं.

ते ओरडले. गाडी डावीकडच्या ट्रकच्या बाजूला गेली. मी डाव्या हातानं स्टेअरिंग ओढलं आणि उजव्या हातानं त्यांची बोटं सोडवायला गेलो.

ती बोटं त्यांची वाटत नव्हती. बर्फासारखी गार होती. आणि पकड अशी, की पान्यानंही उघडली नसती.

ठक्.

हा घाव माझ्या हातावर बसला. वरून काहीच आलेलं दिसलं नाही. पण हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझ्याच हाताचा.

गाडी पुलाच्या उजवीकडच्या कठड्याला घासत गेली आणि थांबली. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. वाटलं, सुटलो.

पण घाव थांबले नाहीत.

बंद गाडीत, भर उन्हात, घाव पडत राहिले. ठक्. ठक्. कल्याणभाऊंच्या बोटांवरचं कातडं फाटलं. रक्त लिव्हरवरून खाली ओघळलं. एक नख उडून समोरच्या काचेला चिकटलं. हात मात्र तिथंच.

मग मला बोलणं ऐकू यायला लागलं. ड्रायव्हरच्या खिडकीतून. बाहेर कुणी नव्हतं, नुसता कठडा आणि खाली नदी. पण तीन-चार माणसं एकाच वेळी बोलत होती.

"सोड... सोड... सोडतो का न्हाई..."

आणि कल्याणभाऊंनी उत्तर दिलं. तोंड त्यांचं होतं. आवाज त्यांचा नव्हता. जाडा, घोगरा, कुणा वेगळ्याच माणसाचा.

"न्हाई सोडत. गाडी माझी हाय."

ठक्.

मागून येणारा एक ट्रकवाला थांबला होता. तो माझ्या बाजूचं दार उघडायला बघत होता, दार उघडत नव्हतं. नंतर त्यानं पोलिसांना सांगितलं, की त्याला आत फक्त आम्ही तिघं दिसलो. कुणी कुणाला मारत नव्हतं. तरी आमच्या हातांतून रक्त उडत होतं.

सुटका केली ती तृप्तीवहिनींनी.  त्या मागच्या सीटवरून पुढं झुकल्या आणि दोन्ही हात नवऱ्याच्या गळ्यात टाकले. मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, लहान लेकराला समजवावं तसं म्हणाल्या,

"जाऊ दे गाडी. नको आपल्याला. चल, घरी चल."

घाव थांबले.

त्या परत म्हणाल्या, "लई येळ झाला. घरी चल."

कल्याणभाऊंची बोटं एक-एक करून उघडली.

गाडीची चारही दारं एकदम उघडली गेली. ट्रकवाला मागच्या मागं पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हा अपघाताचा मार नाही. कुणीतरी रॉडनं, वरून, एकाच जागी आठ-नऊ वेळा मारलंय. खरं सांगा. पोलिसांनीही तेच विचारलं. माझ्यावरच संशय होता. तृप्तीवहिनींनी जबाब दिला म्हणून मी वाचलो. कल्याणभाऊंची दोन बोटं काढावी लागली. माझ्या उजव्या हातात स्टीलची पट्टी टाकलीय. आता पाना धरायला मला डावा हात लागतो.

हाताचं प्लास्टर निघाल्यावर मी ते लिव्हर ग्राइंडरनं कापून काढलं. तुकडे झाले, कण्हण्याचा आवाज आला नाही. मग बद्रीनाथला गाठलं. या वेळी तो सगळं बोलला.

ते लिव्हर ज्या गाडीचं, ती परतूरच्या राधेश्याम नावाच्या माणसाची होती. भाड्यानं चालवायचा. हौशी होता, ते लिव्हर त्यानंच बसवलं होतं. सात-आठ वर्षांपूर्वी चौघं गिऱ्हाईक म्हणून बसले आणि वाटेत त्याला गाडी मागितली. त्यानं दिली नाही. त्यांनी रॉडनं मारलं, आधी हातावर, मग डोक्यावर. सापडला तेव्हाही त्याचा हात गिअरवर होता.

त्याची आई परतूरला राहते, एवढं बद्रीनाथला माहीत होतं.

मी गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. ज्या लोखंडावर त्याचा जीव गेला, त्यावर मी वरून हातोडा मारला होता. ते मनातून जात नव्हतं.

चतुराबाई नाव त्यांचं. स्टेशनच्या मागं दोन खोल्यांचं घर. मी सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकता ऐकता निवडायच्या थांबल्या नाहीत.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "ती पोरगी घरी चल म्हनली, तवा त्यानं हात सोडला?"

"हो मावशी," मी म्हणालो. "सोडला."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. उघड्या दारातून रस्त्याकडं बघितलं.  मग माझ्याकडं वळल्या.

"मंग अजून घरी का आला न्हाई?"

 चहा समोर होता, तो तसाच ठेवून मी उठलो.

कल्याणभाऊंकडं मी त्यानंतर गेलेलो नाही, राधेश्यामचं सगळं फोनवरच सांगितलं. परवा तृप्तीवहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, ह्यांची तब्येत बरी आहे, जेवतात, बागेत जातात. फक्त एक सांगा, राजूभाऊ, तो परतूरचा माणूस घोगऱ्या आवाजात बोलायचा का.

मी फोन ठेवून दिला.