खालचा डावा हात

“देवी बदललीय, बाई! विश्वस्तांना सांगायला गेलो, तर म्हणतात, मीच विकली. संध्याकाळी फौजदार न्यायला येणार.” पुजारी उंबऱ्यातच बसले.

वहिनींनी चष्मा चढवला. चोऱ्या उकलणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. टिपणं घ्यायला धाकटे दीर, भाऊजी.

गाभाऱ्यात शिरताच वहिनींनी नाक मुरडलं. त्यांच्या लहानपणी इथं काळ्या दगडाचा गारवा असे. आता मागच्या भिंतीवर गुलाबी टाइल्स.

“न्हाणीघर केलंय मेल्यांनी!”

“विश्वस्तांनी भिंत पाडून नवी बांधली. आठ दिवस मला बहिणीकडे धाडलं होतं.” पुजाऱ्यांनी मूर्तीचं पातळ बाजूला केलं. “आज परतून स्नान घालताना कळलं. देवीचा हा खालचा डावा हात आजोबांच्याही आधीपासून मनगटाशी तुटलेला. पोथीत तिथं घंटा सांगितलीय.”

या मूर्तीच्या त्या हातात कमळाची कळी होती.

“कोणाला दाखवलंत?”

“छे! लगेच नेसवलं, कुलूप घातलं. कळीचं कोणाला बोललोही नाही.”

भाऊजींनी दार मापलं. “वहिनी, मूर्ती दारापेक्षा वीतभर रुंद! मग गेली कशी?”

“लिहून ठेवा, भाऊजी. विचार नंतर करा.”

विश्वस्त कचेरीत पंख्याखाली बसले होते. “किल्ली त्याच्याकडे. चोर तोच.”

“स्नानाच्या वेळी देवी पाहिलीय कधी?”

“शिव शिव! तो मान पुजाऱ्याचा. आम्ही नेसवलेलीच पाहणार.”

“तक्रारीत वर्णन लागेल. आठ हातांत काय काय?”

विश्वस्तांनी बोटांवर मोजलं. “त्रिशूळ, चक्र, खड्ग, ढाल, धनुष्य, बाण, शंख… आणि खालच्या डाव्यात कमळाची कळी.”

भाऊजींनी इमानेइतबारे लिहून घेतलं.

संध्याकाळी फौजदारांसमोर त्या म्हणाल्या, “मूर्ती दारातून जातच नाही, मग किल्लीचं काय घेऊन बसलात? ती गेली पाडलेल्या भिंतीतून. पुजाऱ्यांनी नक्कल करवली असती, तर हात तुटकाच करवला असता. कळी मूळ मूर्तीत नाही, पोथीत नाही. ती फक्त नकलेत आहे, तीही पातळाखाली. विश्वस्तांनी कुठं पाहिली? मूर्तिकाराकडे, नक्कल ताब्यात घेताना!”

विश्वस्तांनी गोदामाची किल्ली फौजदारांपुढे टाकली.

त्यांच्या गोदामात, उरलेल्या टाइल्सच्या खोक्यांमागे, देवी सापडली. आठ दिवसांपूर्वीच्याच पातळात.

“विकायला काढलीत, आणि एकदा धड पाहिलीही नाहीत?” वहिनींनी तोंड फिरवलं. “शी!”

पुजाऱ्यांनी पातळाखाली हात घातला. तुटकं मनगट बोटांना लागलं, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

“सगळे बाहेर व्हा,” ते म्हणाले. “आणि कोणीतरी पाणी आणा. आठ दिवसांचं स्नान राहिलंय तिचं.”