कुलूपबंद खुराड्यातली ठकठक

भर दुपारी, बाहेरून कुलूप असलेल्या खुराड्यातून कुणीतरी ठकठक केली.

ठक. ठक ठक.

“झालं!” घरची सून पुटपुटली. “आजचीही अंडी गेली.”

टाचणीबाईंनी कान टवकारले. या खाजगी गुप्तहेर. अंगानं बारीक, बोलणं टोचरं, म्हणून हे नाव. त्यांचा मदतनीस ढब्बू त्यांच्या पाठीमागे लपला. मावत नव्हता, तरी लपला.

कुलूप काढताच आवाज थांबला. आत नुसत्या कोंबड्या, माना वाकड्या करून एकटक बघणाऱ्या. अंडं नाही, टरफलाचा कपटाही नाही. उघड्या फळीवर मुंग्यांची रांग तेवढी लागली होती.

“साप असेल,” ढब्बू म्हणाला.

“या जाळीतून माझी करंगळी जात नाही. साप काय घडी घालून आला?”

बाई सुनेकडे वळल्या.

“शहरातल्या नोकऱ्या सोडून आलो हो,” सून म्हणाली. “मोबाईलवर बघून सगळं शिकलो. पेंढ्यात पिसवा होतात म्हणून तोही काढला, फळ्या रोज सकाळी धुते. खुराड्याची किल्ली एकच, बाबांच्या गळ्यात. आणि डॉक्टरांनी बाबांची अंडी बंद केलीत. मी सासऱ्यांना चोर म्हणत नाही. पण संध्याकाळी मोठे दीर गाडी घेऊन येतायत, त्यांना कायमचं न्यायला.”

दाराशी म्हाताऱ्याची पिशवी भरून तयार होती.

म्हाताऱ्याचा मुलगा कोंबड्यांना दाणे टाकत होता. “बाबा खोटं बोलणारे नाहीत. पण मग दुसरं कोण?” बोलता बोलता त्यानं अंड्यांची अर्धी टरफलं पुढ्यात टाकली.

“हे काय?”

“कॅल्शियम! फोडली की तशीच घालतो यांना. पहिल्यापासून.” तो ओशाळला. “हल्ली अंडी दुकानातून आणावी लागतात, एवढंच.”

टरफलांना आतून बलक चिकटला होता. कोंबड्या तुटून पडल्या.

म्हातारा मात्र झाडाखाली प्रसन्न बसला होता.

“अंडी ती नेते,” तो म्हणाला. “हिची सासू. गेली ती मागच्या वर्षी. मोजे रफू करायचं लाकडी अंडं होतं तिचं. जेवायला कधी तोंडानं बोलावलं नाही, त्यानं टेबलावर ठकठक करायची. आता तिथून करते.”

ढब्बूच्या अंगावर काटा आला. बाई फक्त एवढंच म्हणाल्या, “ते अंडं आहे अजून?”

अंड्याला चुना फासला, वाळवला आणि ते फळीवर ठेवलं. कुलूप लावून किल्ली बाईंनी मुठीत घेतली. सगळे दारासमोर बसले.

ऊन कलंडलं. आणि आतून वाजलं. ठक! ठक ठक! या वेळी खणखणीत, टेबलावर वाजावं तसं. सुनेनं नवऱ्याचा दंड धरला.

बाईंनी दार उघडलं. चुन्याचे टवके उडाले होते. कोंबड्यांच्या चोची पांढऱ्याफटक.

“हे तुमचे चोर,” बाई म्हणाल्या. “अंड्याची चटक तुम्हीच लावलीत, बलकासकट टरफलं घालून. बारीक वाटून घातली असती तर अंडं आणि खाऊ यांचा संबंध त्यांना कळला नसता. त्यात पेंढा काढलात. उघड्या फळीवर अंडं पडलं की तडकतं, आणि आयतं ताट वाढलं जातं. टरफलंही खातात, म्हणून पुरावा शून्य. फळीवर उरलेलं टोचतात, ती ठकठक. जे उरतं ते मुंग्यांना.”

“अरे हो, मुंग्या!” ढब्बू आत्ता म्हणाला.

सुनेनं बाबांची पिशवी उचलून आत नेली. म्हातारा जाळीत बोटं अडकवून उभा होता.

“म्हणजे ती नव्हती?”

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. मुलगा भावाला परत पाठवायला गेला.

“पेंढा घाला हवा तेवढा,” म्हातारा म्हणाला. “पण लाकडी अंडं आतच राहू दे.”

“राहू द्या, आजोबा. उपाय तोच आहे. टोचून टोचून कंटाळतील आणि खोड मोडेल.”

“आणि कोंबड्या कंटाळल्यावरही वाजलं तर?”

टाचणीबाईंनी किल्ली त्याच्या गळ्यात परत घातली.