दुपारी श्वास घेणारं मशीन

"हात काढा! बंद असलं तरी झटका देतं ते..."

जीपमधली सगळी माणसं दचकली. शिवकन्याची ओढणी मशीनच्या जाळीत अडकली होती आणि ती सोडवायला तिनं बोटं आत घातली होती. समोरच्या बाकावरचा तरुण पुढं वाकला. त्यानं ओढणीचं टोक अलगद सोडवलं आणि मग एकदम लाजला.

"रागावू नका. वाल्वचा, जुन्या काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर आहे हा. बटण बंद केलं तरी आत करंट साठून राहतो. माझ्याकडं आहेत असली मशीनं, म्हणून ठाऊक."

"मग हेही घ्या. मी धाराशिवला भंगारात द्यायला निघालेय."

"भंगारात?" कुणी लेकरू टाकून द्यायला निघावं, तसं तो बघत राहिला. "का?"

शिवकन्यानं बाहेर नजर वळवली. लोहाऱ्याची शेवटची घरं मागं पडली होती. सांगावं की नको...

"श्वास घेतं ते," ती हळूच म्हणाली.

तो हसला नाही. तिथंच तिला तो आवडला. पण हे तिचं तिला नंतर कळलं.

नंदीश त्याचं नाव. येडशीला स्टेशनामागं राहायचा. जुनी वाल्वची मशीनं शोधून आणायची, खोलायची, त्यांची ताकद वाढवायची, असा त्याला नाद. मशीन भंगारात गेलंच नाही. येडशीला गेलं.

ते मशीन शिवकन्याच्या वडिलांचं, श्रीमंतअण्णांचं. जत्रेत, लग्नात कर्णे लावायचा त्यांचा धंदा. दोनाचे चार वाल्व त्यांनी स्वतःच्या हातानं बसवले होते. आवाज पार शिवाराच्या पलीकडं जायचा. गेल्या वर्षी अण्णा गेले. तेव्हापासून तिची आई, मथुराबाई, रोज दुपारी मशीन लावायची, दार लोटून त्याच्यापाशी बसायची. आणि अंगणातल्या कर्ण्यातून श्वास यायचा. आत... बाहेर... आत... बाहेर. गल्लीतली माणसं वाट वाकडी करून जाऊ लागली. शेवटी आई बहिणीकडं गेलेली बघून शिवकन्यानं मशीन उचललं होतं.

रविवारी ती येडशीला गेली. आभाळ गच्च भरलं होतं. रामलिंगाच्या डोंगराकडून ओला वारा येत होता. नंदीशनं मागच्या परसातला आपला कर्णा मशीनला जोडला, खिडकी लावून घेतली आणि बटण दाबलं. वाल्व आधी केशरी झाले, मग काचेच्या आत निळसर काहीतरी हललं... आणि परसातल्या कर्ण्यातून श्वास आला. भरभर. घाबरलेला.

तिनं त्याचा दंड घट्ट धरला.

"श्वास रोखा," तो कुजबुजला. परसातही कुणीतरी तेच कुजबुजलं.

दोघांनी श्वास रोखला. कर्णा गप्प झाला.

"एक वाल्व आतून ढिला झालाय," नंदीश म्हणाला. "त्याला ऐकू येतं. खोलीतला आवाज तो मोठा करून बाहेर सांगतो, बाकी काही नाही."

"म्हणजे आत्ता... माझाच श्वास?"

"व्हय. घाबरल्यावर लई जोरात चालतो." त्यानं दंडाकडं पाहिलं. "धरून ठेवा, माझी हरकत नाही."

ती हात काढून हसली. परसात दुसरीच कुणी बाई हसल्यासारखं वाटलं. शिवकन्याच्या अंगावर काटा आला.

नवा वाल्व काढायला तो मागं गेला. ती त्या निळ्या उजेडाकडं बघत स्वतःशीच पुटपुटली, "हा असाच बघत राहिला, तर माझं पाऊल निघायचं नाही इथून..."

परसातून तेच शब्द आले. संथ, जड, तिच्याहून कितीतरी वयस्क आवाजात.

नंदीश दारात उभा होता. कानापर्यंत लाल.

"परसात कोण बोललं?"

"मशीन..."

"मग मशीनला सांगा, माझंही तसंच झालंय. जीपमधनं उतरल्यापासून."

तिचे डोळे भरले. "आईला एकटीला टाकून कुठं येणार मी? आलेली स्थळं त्यापायीच परत धाडली."

"आधी त्यांचं मशीन त्यांना देऊ या," तो म्हणाला.

दोघं मशीन घेऊन लोहाऱ्याला आली, तेव्हा बहिणीकडनं परतलेल्या मथुराबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. मशीन बघून उठल्या, पण नंदीशनं ते लगेच लावलं नाही. तो त्यांच्यासमोर खाली बसला.

"मावशी, वाईट वाटून घेऊ नका. तो श्वास अण्णांचा नव्हता. तुमचाच होता."

शिवकन्यानं डोळे मिटून घेतले.

"मला ठावं न्हाय व्हय?" मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांना दमा व्हता. त्यांचा श्वास शिट्टीवानी वाजायचा. ह्यो माझाच. ही कामावर गेली की घर खायला उठायचं. वाटायचं, कुणीतरी हाय... म्हणून ऐकायची."

नंदीशनं घसा साफ केला.

"माझी मशीनं बाहेरच्या खोलीत ठेवली तर चालतील का? म्हणजे... त्यांच्यासंगं मलाही यावं लागंल."

"पोरीला इचारलंस?"

"तिनंच सांगितलंय. कर्ण्यावरनं."

"नंदीश!" शिवकन्या ओरडली. मथुराबाई वर्षभरानं हसल्या.

मग त्यानं नवा वाल्व बसवला, कर्णा लावला, बटण दाबलं. नुसती बारीक घरघर. तिघांचे श्वास तिघांपाशीच राहिले.

"झाक झालं. कर आता बंद," मथुराबाई म्हणाल्या.

त्यानं बटण बंद केलं, पिन उपसली. वाल्व एकेक करून विझले.

आणि अंगणातून श्वास आला. लांब... शिट्टीसारखा वाजणारा.

पिन नंदीशच्या हातातच राहिली. शिवकन्यानं त्याचा दुसरा हात गच्च पकडला. या वेळी सोडला नाही.

मथुराबाईंनी सावकाश डोक्यावर पदर घेतला आणि कर्ण्याकडं तोंड करून म्हणाल्या, "व्हय, व्हय. बघितला म्या. पोरगा बरा हाय."