चिमटीत राहिलेला सोडा

"पोहायला जाणार आहात?"

काउंटरमागच्या माणसाने विचारलं, तेव्हा मी त्याच्या दुकानातला एकेक गॉगल डोळ्यांवर चढवून बघत होते, आणि एकही माझ्या चष्म्यावर बसत नव्हता.

"नाही," मी म्हणाले, "साबण करायला."

काच पुसता पुसता त्याचा हात थांबला. "साबण... म्हणजे अंगाला लावायचा?"

"हो."

"त्याला गॉगल लागतो? मी आजवर नुसते डोळे मिटून लावत आलो."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. मी तिथे हसायला गेलेच नव्हते. मी चांगलीच घाबरलेली होते. घरी साबण करायचा तर कॉस्टिक सोडा लागतो. साखरेसारखे भोळे दिसणारे पांढरे दाणे, पण पाण्यात पडले की पाणी कढत होतं, आणि एक थेंब जरी डोळ्यात उडाला तर... पुढचं मी वाचलंच नव्हतं. म्हणजे, वाचलं होतं. तीनदा.

"मग करताच कशाला?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता.

म्हणून मग मी टकलीबद्दल सांगितलं. टकली म्हणजे माझी चार वर्षांची मुलगी. जन्मली तेव्हा डोक्यावर एक केस नव्हता, म्हणून माझ्या आत्याने ठेवलेलं नाव. आता दोन वेण्या येतात, तरी टकलीच. थंडी पडली की तिची कोपरं आणि गुडघे सोलवटतात. सुगंधी, बिनसुगंधी, खास बाळांचे, डॉक्टरांनी लिहून दिलेले... सगळे साबण वापरून झाले. पोर खाजवून खाजवून हैराण. शेवटी म्हटलं, आत काय काय घातलंय ते मला माहीत असेल असा एक तरी साबण घरात हवा.

"म्हणजे तुम्ही घाबरट आहात आणि हट्टीही आहात," तो म्हणाला.

"दोन्ही एकदम जमतं मला."

"बरं. चष्मा काढा."

मी काढला. त्याने हात वर केला असावा. "किती बोटं?"

"ती बोटं आहेत होय?"

तो मोठ्याने हसला, आणि या वेळी मलाही हसू गिळता आलं नाही. "नंबराचा गॉगलच करावा लागेल," असं म्हणत तो छोटीशी पट्टी घेऊन समोर बसला. चष्मा करताना दोन बुबुळांमधलं अंतर मोजावं लागतं. त्यासाठी समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघत बसावं लागतं, हे मात्र मी विसरले होते.

"माझ्याकडे बघा. नाकाकडे नको... हां. असंच."

इतक्या जवळून मला स्पष्ट दिसत होतं. त्याच्या स्वतःच्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती. चष्मेवाला, आणि स्वतःचा चष्मा असा! मापायला जरा जास्तच वेळ लागतोय असं मला वाटलं. नंतर वाटलं, कदाचित नसेलही.

---

गॉगल मिळाला, आणि मी पहिला घाणा एकटीने केला. आत्या टकलीला घेऊन गच्चीवर, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, हातांत लांब मोजे. सगळं पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. निवला की खोबरेल, ऑलिव्ह आणि एरंडेलाच्या मिश्रणात ओतायचा, घट्ट होईपर्यंत घुसळायचं, साच्यात भरायचं. साचा म्हणजे दुधाचा रिकामा खोका.

दुसऱ्या दिवशी तो घट्ट व्हायला हवा होता. आठवडा झाला तरी झाला नाही. बोट लावलं की बोट आत.

मी त्यातला थोडा डबीत घालून चष्म्याच्या दुकानात गेले. साबणाचं चष्मेवाल्याला काय कळणार? काही नाही. पण गॉगलला आतून वाफ धरते ही तक्रार तर खरी होती ना...

त्याने डबीतला गोळा बोटांवर चोळला, वास घेतला. "हा साबण नाही हो. हे मलम आहे."

"थट्टा करू नका."

"नाही करत. मला यातलं काही कळत नाही. पण वाफेचं म्हणाल तर काचांचा दोष नाही. तुम्ही गॉगलच्या आत जोरजोरात श्वास घेत असणार. वजनकाट्यावरचा आकडा दिसला होता?"

"दिसला... अर्धामुर्धा."

"असं करू," तो डबीचं झाकण लावत म्हणाला. "दिवसभर मी लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावतो. रविवारी दुकान बंद असतं. एक दिवस मी वाचतो. आकडा मी वाचायचा, हात तुमचा."

घरी गेल्यावर आत्याला सांगितलं, रविवारी चष्मेवाले येणार आहेत.

"अगंबाई," आत्या म्हणाली, "हल्ली चष्मे घरपोच देतात?"

---

तो आला तो स्वतःचा एक गॉगल घेऊनच. दारात आत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि एक मनीप्लांट. त्याचीही तब्येत बरी नसते."

"पाणी घालता का?"

"आठवलं की."

"हं," आत्या म्हणाली. पास की नापास ते कळू न देता ती टकलीला घेऊन गच्चीवर गेली. जाताना टकलीने त्याला बजावलं, "आमच्या ओट्याला हात लावायचा नाही. आई ओरडते."

आम्ही दोघं गॉगल लावून ओट्याशी उभे राहिलो. मी काट्यावर वाटी ठेवली आणि चमच्याने सोडा घालायला लागले. तो वाचत होता. हळू, एकसुरी, जशी दुसऱ्या कुणाची चिठ्ठी वाचून दाखवावी तशी. शंभर. एकशे दहा. एकशे अठरा...

मी थांबले.

"अजून आठ."

"पुरे एवढा."

"तुम्ही फळीवर खडूने एकशे सव्वीस लिहिलंय."

"लिहिलंय. पण टकलीच्या अंगाला लागणार आहे ते. थोडा कमी बरा."

त्याने गॉगल कपाळावर चढवला. "मागच्या वेळीही असाच थोडा कमी?"

मी चमचा सोड्याच्या डब्यात परत ठेवला. आधी एक चिमूट मागे ठेवली होती. मग आकडा दिसेना, म्हणून भीतीने आणखी एक. वरून तेल मात्र जरा सढळ हाताने...

"हा हिशोब कुणी केला?"

"मी."

"किती वेळा तपासला?"

"...खूप वेळा. त्यात तेल आधीच थोडं जास्त धरलेलंय. सोडा मागे उरत नाही."

"मग झालं तर. मला सोड्याची भीती वाटत नाहीये, कारण हिशोब तुमचा आहे." त्याने गॉगल परत डोळ्यांवर ओढला आणि काट्याकडे वाकला. "एकशे अठरा."

चमचा त्याने माझ्या हातातून घेतला नाही. घाईही केली नाही. नुसता वाकून, हात पाठीमागे बांधून उभा राहिला. खिडकीतून थंड वारा येत होता, पडदा त्याच्या खांद्याला लागून परत जात होता. मी घातला. एकशे वीस. चोवीस. एकशे... सव्वीस.

"हेच," तो म्हणाला, जणू मी तक्त्याची शेवटची ओळ वाचून दाखवली होती.

या वेळी मिश्रण डोळ्यांदेखत घट्ट होत गेलं. मी चमच्याने वरून एक धार सोडली. ती बुडाली नाही. पिवळसर सायीवर रेघ उमटली आणि तशीच राहिली.

"अरे!" तो लहान मुलासारखा ओरडला. "राहिली!"

---

वड्या कापून जाळीवर मांडल्या, तरी त्या लगेच वापरायच्या नसतात. महिनाभर, थोडं जास्तच, वाऱ्यावर वाळू द्यायच्या आणि मधून मधून उलटायच्या. चष्मेवाल्याला हे भलतंच महत्त्वाचं काम वाटलं. दर रविवारी तो उलटायला हजर.

"बारा वड्या," आत्या म्हणाली, "आणि उलटायला दोन माणसं."

"जड असतात हो आत्या," तो म्हणाला. त्याने तिला आत्या म्हणायला कधी सुरुवात केली, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आत्याच्या आलं असेल.

"वाळल्या की आधी जिभेचं टोक लावून बघतात," मी त्याला सांगितलं. "सोडा शिल्लक असेल तर चटका बसतो."

"पहिली जीभ माझी," तो म्हणाला. "ठरलं. तुम्हाला बोलायला लागते, माझी रिकामीच असते."

"तुमची? रिकामी?"

टकलीला त्याने जुन्या फ्रेमा आणून दिल्या होत्या, बिनकाचेच्या. ती त्या आपल्या सगळ्या बाहुल्यांना लावायची आणि "किती बोटं?" म्हणून दरडावायची. मी ओट्याशी उभी राहून बघायची. मला बघत राहायची सवयच आहे. पोर काय खाते, कुठे खाजवते, कुणाच्या मांडीवर बसते. आणि एका रविवारी दिसलं, की ती सकाळपासून खिडकीत बसलीय. दूध तिथेच. वेणी तिथेच. रस्त्यावरून नजर काही हलत नव्हती.

तिचे बाबा घर सोडून गेले तेव्हा ती इतकी लहान होती की तिचा हात खिडकीला पुरत नव्हता. ते आता दुसऱ्या गावी असतात, दुसऱ्या घरी. तिला काही आठवत नाही, आणि मी त्याबद्दल देवाचे आभार मानत आले होते. हा मात्र तिला आठवणार. उद्या त्याने यायचं थांबवलं, तर हिला काय सांगू?

त्या दिवशी निघताना मी त्याला जिन्यात गाठलं.

"पुढच्या रविवारी नका येऊ. वड्या मी उलटीन."

तो एक पायरी खाली होता, त्यामुळे आमचे डोळे बरोबर समोरासमोर आले. "माझं काही चुकलं का?"

"नाही... तुमचं काही नाही."

तो चष्मा सारखा करत म्हणाला, "बरं. खालच्या रांगेला वारा कमी लागतो. तिच्याकडे लक्ष ठेवा."

आणि गेला. हुज्जत नाही, रुसवा नाही. रुसला असता तर बरं झालं असतं. रागावता तरी आलं असतं.

पुढचे रविवार टकली खिडकीत बसलीच. मी सांगितलं, काकांना काम आहे. "मग मी थांबते," ती म्हणाली. आत्या भांडी घासत राहिली. आत्या काही बोलत नाही तेव्हा घरात फार आवाज होतो.

वड्या पांढऱ्या, टणक झाल्या. एके दिवशी मी खालच्या रांगेतली एक हातात घेतली, नखाने टोकरली. नख आत जाईना. फडताळात पहिल्या घाण्याची डबीही होती. ती उघडली. अजून तसंच मलम... कशालाच चटका न देणारं, आणि कशाच्याच कामाचं नाही.

मी चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" आत्याने विचारलं.

"वडी तपासायला."

"मग लवकर जा की. मेली महिनाभर वाळतेय."

---

दुकानात गिऱ्हाईक होतं. एक आजोबा तपासणीची ती अवजड लोखंडी फ्रेम नाकावर घेऊन तक्त्यासमोर बसले होते; उजव्या डोळ्यावर काळी काच.

मी कागदातली वडी काउंटरवर ठेवली. "पहिली जीभ तुमची ठरली होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता वडी उचलली आणि सरळ जीभ लावली. टोक नाही, चांगली अख्खी.

मी काउंटरवर वाकले. "चटका...?"

"नाही." त्याने तोंड वाकडं केलं. "अजिबात नाही. चव मात्र... साबणाची आहे."

तो घाईघाईने पाणी प्यायला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात एक इवलासा फुगा आला. मी रुमाल पुढे केला. त्याने तो घेतला, पण पुसायचं विसरला.

"रविवारी या," मी म्हणाले.

"वड्या तर वाळल्या. आता काय उलटायचं?"

"दुसरा घाणा घालायचाय."

"आणि तो वाळला की?"

"तिसरा."

"असे किती...?"

"टकली दर रविवारी खिडकीत बसते," मी म्हणाले. आता थांबले तर पुन्हा मलमच होणार होतं. "मीही बसते. तिच्या मागे, तिला दिसू नये अशी. मला वाटलं, थोडं मागे ठेवलं तर कुणाला काही लागणार नाही. पण तसं... घट्टच होत नाही काही. म्हणून सगळं सांगतेय. चिमटीत काही ठेवलं नाहीये."

तो काउंटरच्या पलीकडून इकडे आला. चष्म्याच्या काचांमागे त्याचे डोळे भरून आले होते आणि फुगा अजून तसाच होता.

"मीही रविवारी दुकान उघडून बसत होतो," तो हळूच म्हणाला. "बंद दुकान. वाटलं, गॉगलची तक्रार घेऊन याल."

मग एकदम आम्हा दोघांनाही आजोबांची आठवण झाली. आम्ही वळलो.

आजोबा तक्त्याकडे तोंड करून ताठ बसले होते. "माझ्याकडे बघू नका," ते म्हणाले. "डाव्या डोळ्याने मला काही दिसत नाही, आणि उजवा यानेच झाकून ठेवलाय. चालू द्या तुमचं. फक्त पोरी, त्याच्या ओठाचा तो फुगा तेवढा पूस."